चित्रं जपायची की दाखवायची?

लंडनची नॅशनल गॅलरी एका सावकाराच्या घरात सुरू झाली. जॉन ज्युलियस अँगरस्टाईन वारल्यावर ब्रिटिश सरकारने त्याची ३८ चित्रं ५७ हजार पौंडांना विकत घेतली आणि १० मे १८२४ पासून पॅल मॅलवरच्या त्याच्याच घरात ती लोकांना खुली केली. १८३८ मध्ये संग्रह ट्रॅफल्गार चौकातल्या नव्या इमारतीत आला. ही जागा सोयीची होती. पश्चिमेकडचे श्रीमंत बग्गीतून येऊ शकत होते आणि पूर्वेकडचे कष्टकरी पायी.

कष्टकरी आलेही, पोराबाळांसकट. कुणी पावसाचा आडोसा म्हणून शिरे, तर कुणी खाण्याची टोपली सोडून बसे. गॅलरीचा तेव्हाचा पालक टॉमस युविन्स याने १८५० मध्ये संसदेच्या समितीपुढे याची तक्रारच मांडली. चित्रांवर धूळ बसत होती आणि आसपासच्या धुराड्यांची काजळी चढत होती. मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञालाही तपासणीला बोलावलं गेलं. संग्रह शहराबाहेरच्या स्वच्छ हवेत, केन्सिंग्टनला न्यावा, असा आग्रह वाढला. चित्रांची ही काळजी खरी होती. पण तिचा भार कुणावर पडणार होता? गाडीभाडं न परवडणाऱ्यांवरच.

१८५७ च्या आयोगाने गॅलरी होती तिथेच ठेवली. चित्रं नुसती टिकावीत एवढाच हेतू नसून लोकांना त्यांतून उन्नत आनंद मिळावा, हा मुख्य हेतू आहे, असं न्यायमूर्ती कोलरिज यांनी आयोगाला कळवलं होतं. संग्रहालयाच्या इतिहासातला हा फार मोलाचा युक्तिवाद आहे.

हाच पेच १९३९ मध्ये बाँबच्या भीतीने पुन्हा उभा राहिला. युद्ध जाहीर होण्याआधीच चित्रं वेल्समध्ये हलवली गेली आणि १९४१ मध्ये मॅनोडच्या पाटीदगडाच्या खाणीत, डोंगराच्या पोटात ठेवली गेली. व्हॅन डाइकचं पहिल्या चार्ल्सचं घोड्यावरचं चित्र इतकं उंच होतं की ते नेण्यासाठी रेल्वेपुलाखालचा रस्ता खणून खाली घ्यावा लागला. लंडनमधल्या रिकाम्या दालनांत पियानोवादक मायरा हेसने दुपारच्या मैफली सुरू केल्या. तिकीट होतं एक शिलिंग. लोक रांगा लावत.

पण मैफलींनी चित्रांची भूक भागत नव्हती. १९४२ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रातल्या एका पत्राने निदान एखादं तरी चित्र दाखवा, अशी मागणी केली. संचालक केनेथ क्लार्क यांनी ती मानली. दर महिन्याला एकच चित्र खाणीतून लंडनला येऊ लागलं. मार्चमध्ये तिशियनचं 'नोली मे तांगेरे' आलं. भोवती बाँबने उद्ध्वस्त झालेलं शहर होतं आणि माणसं एका चित्रासाठी येत होती.

जुन्या वादाचं उत्तरही या खाणीतच सापडलं. तिथल्या स्थिर तापमानात आणि आर्द्रतेत चित्रं सुस्थितीत राहतात, हे दिसून आलं, आणि युद्धानंतर गॅलरीने दालनांत वातानुकूलन आणायला सुरुवात केली. जपणं आणि दाखवणं एकाच छताखाली शक्य झालं.

कायम संग्रह पाहायला आजही तिकीट नाही. लंडनला जाणाऱ्याने अर्ध्या तासासाठी का होईना, आत जावं.