टॉलपडलचे सहा शेतमजूर

माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि रद्दीच्या दुकानातले. जॉर्ज लव्हलेस या इंग्रज शेतमजुराची गाठ मला तिथेच पडली. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण हा माणूस समजून घ्यायचा तर त्याच्या धर्माला वळसा घालून चालत नाही.

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचे खेडे आहे. आसपासच्या मजुरांना आठवड्याला 10 शिलिंग मिळत, तेव्हा इथे 9 मिळत. मग 8 झाले, मग 7, आणि आता 6 देऊ असे मालक म्हणू लागले. मालकांनी आधी दिलेल्या वचनाला गावचा धर्मगुरू साक्षी होता. वेळ आली तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले, असे लव्हलेसने पुढे लिहिले. म्हणजे बायबल दोन्हीकडे एकच होते. फरक होता तो बसण्याच्या जागेचा.

लव्हलेस मेथॉडिस्ट पंथाचा बिनपगारी उपदेशक होता. आठवडाभर नांगर धरायचा आणि रविवारी चॅपलात बोलायला उभे राहायचे. चार माणसांसमोर उभे राहणे, एकेकाची चौकशी करणे, आठवड्याला एक पेनी वर्गणी जमवून तिचा हिशेब ठेवणे, हे सारे मेथॉडिस्टांच्या छोट्या वर्गांतून चालत असे. 1833 साली त्याने शेतमजुरांचा संघ काढला, तेव्हा प्रवेशाला एक शिलिंग आणि पुढे आठवड्याला एक पेनी असाच नियम ठेवला. ज्याने कधी दारोदार वर्गणी मागितली आहे, त्याला या पेनीचे मोल कळेल!

संघ काढणे हा तेव्हा गुन्हा राहिला नव्हता. पण सभासद होताना गुप्त शपथ घेतली जाई, आणि आरमारातल्या बंडानंतर 1797 साली झालेला शपथविरोधी कायदा सरकारला सापडला. 24 फेब्रुवारी 1834 रोजी पहाटे लव्हलेस कामाला निघाला, तो थेट पकडला गेला. त्याचा भाऊ जेम्स, थॉमस स्टँडफील्ड व त्याचा मुलगा जॉन, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन असे सहा जण 7 मैल चालत डॉर्चेस्टरला नेले गेले. मार्चमध्ये त्यांना 7 वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

खटल्याचे तपशील मी सोडून देतो. मला थांबायचे आहे ते तुरुंगातल्या एका भेटीपाशी. एक वकील लव्हलेसकडे आला. संघात आणखी कोण आहेत ते सांग, पुन्हा या भानगडीत पडणार नाही असे कबूल कर आणि बायकोमुलांकडे घरी जा, असा त्याचा निरोप होता. लव्हलेसला तीन मुले होती. त्याने सोबत्यांची नावे देण्यास तिथल्या तिथे नकार दिला.

तीस वर्षांपूर्वी एका संपात मलाही असेच आत बोलावले होते. नावे द्या, उद्यापासून कामावर या. मी अखेर नाहीच म्हणालो. पण उत्तर द्यायला एक रात्र मागून घेतली होती. घरी धाकटी मुलगी तापाने फणफणली होती, ही माझी सबब. त्या रात्री मी मनातल्या मनात दोन नावे निवडूनही ठेवली होती. हे मी आजवर कुठल्या गेट मीटिंगमध्ये सांगितलेले नाही. लव्हलेसला रात्र लागली नाही, कारण हा प्रश्न त्याने फार आधी सोडवून ठेवला असावा, रविवार रविवार करून. श्रद्धेचा हा उपयोग मला तेव्हा ठाऊक नव्हता.

मागे राहिलेल्या बायकांना गावनिधीतून मदतही नाकारली गेली. देशभरच्या मजुरांनी वर्गणी काढून त्यांना जगवले. 21 एप्रिलला लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज झाला आणि मार्च 1836 मध्ये सर्वांना पूर्ण माफी मिळाली. लव्हलेस 1837 च्या जूनमध्ये टास्मानियाहून परतला. हकिगतीचे छोटेसे पुस्तक त्याने त्याच वर्षी छापले. आपल्याकडे संघटनेसाठी एकत्र येणे म्हणजे फौजदारी कट नव्हे, हे संरक्षण कायद्यात यायला 1926 साल उजाडले.

पाच जण पुढे कॅनडात गेले. तिथेही लव्हलेसने चॅपल उभारायला हात लावला. गावी राहिला तो एकटा हॅमेट. शपथेच्या रात्री तो हजरच नव्हता, भावाऐवजी पकडला गेला आणि भावजय बाळंत होणार म्हणून गप्प बसला, असे सांगतात. परत आल्यावरही तो फारसे बोलला नाही. 1875 साली शेतमजुरांच्या युनियनने त्याला घड्याळ भेट दिले. 1891 साली तो डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये वारला आणि टॉलपडलच्या चर्चच्या आवारात पुरला गेला. त्याच्या कबरीवर दगड बसला तो 1934 साली, कामगार संघटनांच्या पैशाने.