'फॅक्टरी' म्हणजे कारखाना? जरा थांबा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका कच्च्या प्रकरणात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं : 'इंग्रजांनी 1613 मध्ये सुरतेला कारखाना काढला.' गाइडनी समासात एवढंच विचारलं, 'तिथे काय तयार व्हायचं?' मी शोधत बसलो. काहीच तयार होत नव्हतं!

सतराव्या शतकातली 'फॅक्टरी' ही फॅक्टर राहायचा ती जागा. लॅटिनमध्ये 'फॅक्टर' म्हणजे करणारा. त्यावरून धन्याच्या वतीने व्यवहार करणारा, आपल्या भाषेत अडत्या-गुमास्ता. पोर्तुगीज अशा ठाण्याला फेइतोरिया म्हणत. कापड विणकर आपापल्या घरी विणायचे; दलालांमार्फत ते विकत घेऊन जहाज येईपर्यंत साठवायचं, हे फॅक्टरीचं काम. कँटनच्या प्रसिद्ध तेरा फॅक्टऱ्यांतही यंत्र नव्हतं, व्यापारीच राहत होते.

मजा म्हणजे मराठीत यासाठी नेमका शब्द आहेच : वखार. सुरतेची वखार, राजापूरची वखार. लाकडाच्या वखारीत आजही लाकूड 'तयार' होत नाही, साठवतात आणि विकतात. म्हणून 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरच्या इंग्रजांना धडा शिकवला, तेव्हा कैद झाले ते व्यापारी गुमास्ते, उद्योगपती नव्हेत. (आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफखान्याची मदत करणं त्यांना भोवलं.) इथे 'कारखाना' लिहिलं की वाचकासमोर चिमणी आणि मजूर उभे राहतात, आणि कंपनी भारतात पहिल्यापासून उत्पादन करत होती असा चुकीचा आर्थिक इतिहास नकळत तयार होतो. माझ्या प्रकरणाचा निम्मा युक्तिवाद त्यावरच उभा होता, तो पाडावा लागला.

आज डोळ्यासमोर येणारा अर्थ इंग्रजीत यंत्रयुगाबरोबर रुळला. ब्रिटनचा 1833 चा आणि भारतातला 1881 चा फॅक्टरी कायदा आला, तोवर हा शब्द गिरण्यांचा झाला होता.

आणि 'कारखाना' तरी कुठे सरळ आहे? शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत तोफखाना, जवाहिरखाना येतात. म्हणजे सरकारी खाती आणि कोठारं. तेव्हा मूळ मराठी कागदातला 'कारखाना' इंग्रजीत नेताना डोळे मिटून 'फॅक्टरी' लिहिलंत, तर तीच चूक उलट्या बाजूने होते.

विल्यम फॉस्टर यांनी संपादित केलेले 'द इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया'चे खंड उघडणार असाल, तर कंपनीच्या कागदांतला आणखी एक शब्द पेन्सिलने खुणा करत वाचा : 'रायटर'. तो लेखक नाही, सगळ्यात खालच्या पायरीवरचा कारकून आहे.