शाळेतील गायनशिक्षक : त्याच्या सिद्धतेचा इतिहास आणि आपले कर्तव्य

आपल्या संघाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, त्या वेळी गायनाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची नावे आता बरीच वाचली जातात. ज्या समाजात तीन पिढ्यांपूर्वी कुलीन घरातील मुलीने तंबोरा हाती धरणे अनुचित मानले जात होते, त्या समाजात हा पालट घडून आला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ह्या मुलांस शाळेत गायन शिकविणारा शिक्षक कोणत्या तयारीने वर्गात उभा राहतो, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात त्या तयारीचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे.

जुन्या काळी गायनविद्या गुरुगृही मिळत असे. गुरू एक, शिष्य दोनचार. आणि त्यांचा सहवास दहादहा वर्षांचा. ह्या पद्धतीतून थोर गायक निर्माण झाले, ह्यात शंका नाही. तथापि चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गास आठवड्यातून एकदा-दोनदा अर्धा-पाऊण तास काय शिकवावे, हा प्रश्न त्या पद्धतीपुढे कधी आलाच नव्हता. तो प्रश्न शाळांबरोबर आला. पुण्यात 1874 साली गायन समाजाची स्थापना झाली आणि सुशिक्षितांचे लक्ष ह्या विषयाकडे वळले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष ह्यांनी 1886 साली गायनशाळा काढली आणि स्वरलिपीच्या साहाय्याने वर्गात शिकविण्याचा मार्ग घालून दिला. पुस्तक निघाले, फळा आला. आता हवा होता तो ह्या साधनांनी शिकवू शकणारा माणूस.

ही उणीव पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनी ओळखली. त्यांचा जन्म 1872 साली कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी झाला. बालपणी दारूकामाच्या अपघाताने त्यांच्या दृष्टीस इजा पोहोचली आणि शालेय शिक्षण खुंटले. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या चरणी त्यांनी गायनाचे अध्ययन केले. गायकास समाजात मिळणारी हीन वागणूक त्यांच्या मनास डाचत होती. 1896 मध्ये मिरज सोडून त्यांनी देशाटन आरंभिले आणि 5 मे 1901 रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या वर्गणीवर चालणारी ही गायनशाळा त्या काळी नवलाची वस्तू होती.

ह्या विद्यालयाचा जो भाग आमच्या विषयाशी विशेष निगडित आहे, तो म्हणजे त्यातील उपदेशक वर्ग. हौसेने शिकणाऱ्यांचे वर्ग निराळे आणि पुढे शिक्षक व्हावयाचे अशा विद्यार्थ्यांचा हा वर्ग निराळा. हे विद्यार्थी ठरावीक वर्षे विद्यालयातच राहत. त्यांच्या अन्नवस्त्राची व शिक्षणाची व्यवस्था पंडितजी करीत. त्यांचा दिनक्रम कडक असे. आचरण शुद्ध ठेवण्याविषयी पंडितजींचा कटाक्ष असे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने खालच्या वर्गास शिकवावे, चुकावे, सुधारावे, आणि ते गुरूच्या नजरेखाली, अशी ही व्यवस्था होती. आजच्या भाषेत जिला पाठसराव म्हणतात, तो हाच.

त्याचे फळ काय मिळाले ते पाहावे. पंडित ओंकारनाथ ठाकूर ह्यांना 1916 साली, वयाची विशी गाठण्यापूर्वीच, लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळता आले. पंडित नारायण मोरेश्वर खरे ह्यांनी महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात जाऊन आश्रमवासीयांस, लहानथोरांस, एकत्र गाण्यास शिकविले. पंडित विनायकबुवा पटवर्धन ह्यांनी 1932 साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूने आपल्यासारखे गायक तयार केले, एवढेच ह्यातून दिसत नाही. गावोगावी जाऊन शाळा उभारू शकतील असे शिक्षक तयार केले, हे दिसते. पंडितजींची मुंबईची वास्तू पुढे कर्जापायी हातची गेली. परंतु त्यांनी घडविलेली माणसे कोणास लिलावात काढता आली नाहीत.

दुसरे नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांचे. त्यांचा जन्म 1860 साली मुंबईत वाळकेश्वरी झाला. व्यवसायाने ते वकील होते. पलुसकरांचा मार्ग भक्तीचा व गुरुकुलाचा, तर भातखंडे ह्यांचा चिकित्सेचा व ग्रंथाचा. दोघांच्या स्वरलिपीही वेगवेगळ्या. तरी शिक्षकाच्या बाबतीत दोघेही एकाच निष्कर्षास आले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी आपल्या राज्यात संगीत विद्यालय काढण्याचे योजिले, तेव्हा आधी तेथील गवयांस मुंबईस भातखंडे ह्यांजकडे शिकावयास पाठविले. राजाभैया पूछवाले ह्यांच्यासारखे, ग्वाल्हेर घराण्याची तालीम मिळालेले गायक त्यांत होते. गाणे त्यांना येतच होते; वर्गात स्वरलिपीने व क्रमाने कसे शिकवावे, हे शिकण्यासाठी ते पुन्हा विद्यार्थी झाले. त्यानंतर 1918 साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि राजाभैयांनी तेथे पिढ्या घडविल्या. भातखंडे ह्यांची क्रमिक पुस्तकांची सहा भागांची मालिका आणि 1926 साली लखनौस निघालेले मॅरिस कॉलेज ही ह्याच विचाराची पुढील पावले होत.

1931 साली पलुसकरांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची चढती श्रेणी ह्या मंडळाने देशभर रूढ केली. ह्या कार्याचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. खेड्यातील मुलीसही शहरातील मुलीच्या बरोबरीने परीक्षेस बसता यावे, आणि घराण्याच्या नावाऐवजी तिच्या ज्ञानाची कसोटी व्हावी, हे ह्या परीक्षांमुळेच शक्य झाले. आपल्या ज्ञातीतील अनेक भगिनींस ह्याच प्रमाणपत्राने स्वतःच्या पायावर उभे केले आहे.

परंतु एक गोष्ट मागे पडली. परीक्षेत राग, ताल, शास्त्र आणि मंचावरील गायन ह्यांची पारख होते. मुलांच्या वर्गापुढे उभे राहून पाठ घेण्याची पारख हा तिचा मुख्य विषय नव्हे. असे असता शाळेत नेमणूक करताना बहुधा तेच प्रमाणपत्र पाहिले जाते. उपदेशक वर्गातील अध्ययन राहिले, उपदेशक मात्र गळाला.

ह्याचा परिणाम आम्ही स्वतः भोगलेला आहे. आमच्या शाळेत गायनाचे एक शिक्षक होते. गळा उत्तम, विद्वत्ताही चांगली. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात आमचा स्वर खाली राहतो असे त्यांच्या ध्यानी आले, तेव्हा ते म्हणाले, "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस." ते गृहस्थ दुष्ट नव्हते. मुलाचा आवाज फुटण्याच्या वयात असे होतच असते, पट्टी बदलून पाहावी, थोडा धीर धरावा, हे त्यांना कोणी शिकविलेच नव्हते. आम्ही मात्र त्यानंतर आरतीतही मोठ्याने गायिलो नाही.

मग शाळेतील गायनशिक्षकाकडून काय अपेक्षावे? आमच्या मते चार गोष्टी. पहिली, स्वतःचा गळा शुद्ध व लय पक्की असावी. तेथे सवलत नको. दुसरी, मुलांच्या गळ्याची जाण असावी. स्वतःच्या सोयीची पट्टी न धरता वर्गास झेपेल ती पट्टी त्याने धरावी आणि मुलांस ओरडू देऊ नये. तिसरी, मोठ्या वर्गास एकत्र शिकविण्याची हातोटी असावी. टाळी-खाली हाताने दाखविणे, अलंकार खेळासारखे घेणे, ओवी, भूपाळी, लोकगीत ह्यांसारख्या घरच्या सामग्रीतून रागाकडे नेणे हे त्याला साधले पाहिजे. चौथी, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याने काही काळ प्रत्यक्ष वर्ग घेतलेले असावेत. ह्यांपैकी पहिली गोष्ट प्रमाणपत्राने कळते. उरलेल्या तिहींची चौकशी आपण करीतच नाही.

कायद्याची स्थितीही विचारात घेण्यासारखी आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली. परंतु कला ह्या एका शब्दात चित्र, गायन, नृत्य, नाट्य सारेच आले. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणास शालेय विषयांत मानाचे स्थान दिले आहे. स्थान मिळाले, तरी त्या स्थानी बसण्यास योग्य मनुष्य हवाच. आणि अंशकालीन मानधनावर सिद्ध शिक्षक टिकून राहील, अशी आशा धरणे व्यवहारास धरून नाही.

ज्ञातिबंधूंनो आणि भगिनींनो, सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. आपण काय करावे हे थोडे अवघड. आपल्यापैकी कित्येकजण शाळांच्या व्यवस्थापनावर आहेत. त्यांनी गायनशिक्षकाची निवड करताना उमेदवाराचे गाणे ऐकून थांबू नये. त्याला पाचवीच्या वर्गावर अर्धा तास सोडावे आणि मागच्या बाकावर बसून पाहावे. आपला संघ गायनाच्या परीक्षांतील यशाबद्दल पारितोषिके देतो. त्यांच्या जोडीस एक शिष्यवृत्ती अशी असावी की, जी गायनशिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षभर एखाद्या जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली वर्ग घेण्यासाठी मिळेल. रक्कम मोठी नसली तरी चालेल. पंडितजींनीही वर्गणीवरच आरंभ केला होता. संघाच्या कार्यकारी मंडळाने येत्या सर्वसाधारण सभेपुढे हा विषय ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे. पहिली वर्गणी आम्ही ह्या लेखासोबत कोषाध्यक्षांकडे दिली आहे.