अबू तालिब की अबी तालिब? प्रारंभिक इस्लामवरील मालिका आणि अरबीचा अभ्यास

१/ इस्लामच्या प्रारंभिक इतिहासावरचे पुस्तक वाचताना एक छोटे कोडे हमखास पडते. पैगंबरांच्या चुलत्याचे नाव 'अबू तालिब' असे छापलेले असते. पण त्याच चुलत्याच्या मुलाचे नाव येते 'अली इब्न अबी तालिब'. माणूस एकच, मग 'अबू'चे 'अबी' कसे झाले? ही छपाईची चूक नव्हे, हे व्याकरण आहे. आणि ते कानांनी शिकायचे असेल, तर आज एक अनपेक्षित शाळा उपलब्ध आहे : दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिका. 🧵

२/ अभिजात अरबीत नामाचा अंत्य स्वर वाक्यातील त्याच्या कार्यानुसार बदलतो. संस्कृतच्या विभक्ती शिकलेल्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. या व्यवस्थेला 'इराब' म्हणतात. नाम कर्ता असेल तर 'उ', कर्म असेल तर 'अ', आणि षष्ठीत किंवा संबंधदर्शक अव्ययानंतर 'इ'. 'इब्न' म्हणजे मुलगा. 'तालिबच्या पित्याचा' मुलगा म्हटले, की षष्ठी आली आणि 'अबू'चे 'अबी' झाले.

३/ बहुतेक नामांत हे स्वर ऱ्हस्व असतात आणि सामान्य लेखनात ते दाखवलेही जात नाहीत. 'अबू'सारख्या मोजक्या शब्दांत मात्र ते दीर्घ होतात, त्यामुळे कानाला स्पष्ट कळतात. 'अबू बक्र' बोलतात, लोक 'अबा बक्र' यांना पाहतात, निरोप 'अबी बक्र' यांच्याकडून येतो. हाक मारताना पुन्हा 'या अबा बक्र!'. पहिल्या खलिफांचे नाव म्हणजे इराबचा चालताबोलता धडाच.

४/ खरी अडचण पुढेच आहे. इराब असलेली ही भाषा, म्हणजे 'फुसहा', आज कोणाचीही मातृभाषा नाही. कैरो, दमास्कस, कासाब्लांका येथील मुले घरी आपापली बोली शिकतात आणि फुसहा शाळेत. एकाच समाजात दोन स्तरांवर नांदणाऱ्या अशा भाषारूपांचे विवेचन चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मधील एका गाजलेल्या लेखात केले. त्याच्या चार उदाहरणांपैकी एक अरबी होते.

५/ मग फुसहा ऐकायची कुठे? बातम्या, मशिदीतील प्रवचने, मुलांसाठी भाषांतरित केलेले कार्टून. विद्यार्थ्यांना बहुधा बातम्या ऐकायला सांगतात. पण बातमीपत्रात 'तू' नसतो. तिथे कोणी कोणाला हाक मारत नाही, आज्ञा देत नाही, शपथ घेत नाही, भांडत नाही. तृतीय पुरुषातील वाक्ये पाठ होतात. संवाद मात्र येत नाही.

६/ ही उणीव ऐतिहासिक मालिका भरून काढते. मोठी माणसे फुसहात रुसतात, सौदा करतात, विनवणी करतात, युद्धाचे आव्हान देतात, असे दृश्य आज जवळपास याच एका प्रकारात दिसते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने या मालिकांचे खरे मोल इथे आहे.

७/ या परंपरेतील एक ठळक टप्पा म्हणजे १९७६ मधील 'अर्-रिसाला' हा चित्रपट. हलब, म्हणजे अलेप्पो, येथे जन्मलेले दिग्दर्शक मुस्तफा अक्काद यांनी तो दोनदा चित्रित केला. इंग्रजी आवृत्तीत हमजा झाले अँथनी क्विन आणि हिंद झाल्या आयरीन पापास. अरबी आवृत्तीत अनुक्रमे इजिप्तचे अब्दुल्ला गैथ आणि सीरियाच्या मुना वासिफ. कथा तीच, नेपथ्य तेच, भाषा दोन. विद्यार्थ्याच्या हाती आयताच द्विभाषिक पाठ आला.

८/ दुसरा टप्पा म्हणजे २०१२ च्या रमजानमध्ये प्रसारित झालेली 'उमर' ही मालिका. निर्मिती एमबीसी आणि कतारच्या दूरचित्रवाणीची, दिग्दर्शक सीरियाचे हातिम अली, लेखक वलीद सैफ. सैफ हे केवळ नाटककार नव्हेत. ते जॉर्डन विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. याच जोडीने त्याआधी सलाहुद्दीन आणि अंदलुसच्या इतिहासावर मालिका केल्या होत्या.

९/ या मालिकेत उमर यांचा चेहरा नवोदित सामिर इस्माईल यांचा आहे, पण आवाज असद खलिफा यांचा. अशा भूमिकेत उच्चार आणि वाणीला किती महत्त्व दिले गेले, हे यावरून कळते. वेगवेगळ्या अरब देशांतील कलाकार एकत्र आले की प्रत्येकाची बोली निराळी. त्यांना एका गावचे रहिवासी म्हणून उभे करणारी भाषा फुसहाच.

१०/ पैगंबर पडद्यावर दाखवले जात नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. त्यांचे म्हणणे इतर पात्रांच्या तोंडून कळते. त्यामुळे 'त्यांनी सांगितले की', 'त्यांनी आज्ञा दिली की' अशा रचना सतत कानावर पडतात. पुढे हदीस किंवा इतिवृत्ते वाचताना याच रचना पानोपानी भेटतात. धार्मिक मर्यादेतून व्याकरणाचा सराव असा नकळत घडतो.

११/ आणखी काय शिकता येते? 'या' हे संबोधन. 'वल्लाहि' ही शपथ, जिच्यातला शेवटचा 'इ' म्हणजे पुन्हा षष्ठीचा स्वर. स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगळी आज्ञार्थी रूपे. आणि द्विवचन : समोर दोघे असतील तर 'अन्तुमा', अधिक असतील तर 'अन्तुम'. मराठीत द्विवचन नाही, पण संस्कृतमध्ये आहे. मराठी विद्यार्थ्याला तो धागा उपयोगी पडतो.

१२/ आता धोके. पहिला धोका हास्यास्पद होण्याचा. 'वैहक' (अरे करंट्या!) किंवा 'सकिलत्क उम्मुक' (तुझ्या आईवर पुत्रशोक येवो!) हे उद्गार सातव्या शतकातील पात्राला शोभतात. कैरोच्या बाजारात ते वापरणे म्हणजे पुण्याच्या मंडईत बखरीच्या भाषेत मेथीचा भाव विचारणे. समजेल सगळ्यांना, पण हशा पिकेल.

१३/ दुसरा धोका अर्थांतराचा. 'सय्यारा' म्हणजे आज मोटार. कुराणातील यूसुफच्या कथेत तो वाटसरूंचा तांडा आहे. 'कितार' म्हणजे आज रेल्वेगाडी. पूर्वी एकामागोमाग बांधलेल्या उंटांची रांग. 'हातिफ' म्हणजे आज दूरध्वनी. पूर्वी न दिसणाऱ्या कोणाची तरी हाक. उर्दूने 'सय्यारा'चा 'ग्रह' हा अर्थ घेतला, तोच २०२५ मधील हिंदी चित्रपटाच्या नावात आहे.

१४/ तिसरा धोका इतिहासाच्या अभ्यासकासाठी सर्वांत महत्त्वाचा. मक्केचे लोक खरोखर असेच बोलत होते का? नाही. अरबी परंपराच सांगते की टोळीटोळीच्या बोली भिन्न होत्या; तमीम टोळी 'हमजा' हा कंठ्य आघात ठसठशीत उच्चारी, तर हिजाजचे लोक तो सौम्य करत किंवा गाळत. मालिकेत सगळे एकाच घोटीव व्याकरणाने बोलतात.

१५/ ते व्याकरण ग्रंथबद्ध झाले नंतर. उमर यांची खिलाफत ६३४ ते ६४४ ची. अरबी व्याकरणाचा पाया घालणारा 'अल्-किताब' हा ग्रंथ लिहिला सीबवैह या विद्वानाने, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात. तो मूळचा इराणी, शिकला बसऱ्यात. म्हणजे पडद्यावर ऐकू येते ती भाषा सातव्या शतकाचे ध्वनिमुद्रण नव्हे. पुढच्या पिढ्यांनी घडवलेला आणि विसाव्या शतकाने जपलेला आदर्श आहे.

१६/ कथेचेही तसेच. 'उमर'ची संहिता युसूफ अल्-करदावी यांच्यासह काही विद्वानांनी तपासली होती; तरीही उमर यांचे चित्रण करण्यालाच अल्-अजहरने विरोध केला. २०२५ मध्ये 'मुआविया' ही मालिका आली, तेव्हा इराकच्या माध्यम नियामकाने तिचे प्रसारण रोखले. सुन्नी आणि शिया स्मृतींत हीच माणसे वेगळी दिसतात. भाषा शिकणारा नकळत एक बाजूही शिकत असतो. ती बाजू आहे, याचे भान त्याने ठेवायला हवे.

१७/ महाराष्ट्राच्या इतिहासाशी याचा संबंध आहे का? आहे. मराठी कागदपत्रांतील शुहूर सनाचे आकडे अरबीत असतात. 'इहिदे सितैन मया व अलफ' : एक, साठ, शंभर आणि हजार. ११६१, म्हणजे पानिपताचे वर्ष. लहान अंकापासून मोठ्याकडे जाणारा क्रम अभिजात अरबीचा. व्याकरणानुसार कर्तारूप 'सित्तून'; 'सन' शब्दानंतर षष्ठी येते म्हणून 'सित्तीन', आणि त्याचेच मराठी लेखणीतले रूप 'सितैन'. अबी तालिबचा नियम मोडी कागदापर्यंत येऊन पोहोचला, तो असा.

१८/ पाहण्याची रीत साधी आहे. पूर्ण भाग नव्हे, तीन-चार मिनिटांचा एक प्रसंग निवडावा. आधी अर्थ समजून घ्यावा, मग पडद्याकडे न पाहता ऐकावा, मग नामांचे अंत्य स्वर टिपावेत. वाक्याच्या अखेरीस थांबताना अंत्य ऱ्हस्व स्वर गाळला जातो, हे ध्यानात असू द्यावे. शेवटी तोच प्रसंग तबरीसारख्या इतिवृत्तकाराने कसा सांगितला आहे, ते पाहावे.

१९/ मालिका हा इतिहासाचा पुरावा नव्हे. पण पुराव्याची भाषा ऐकू यावी म्हणून कान तयार करणारे साधन ती निश्चित आहे. अनुवादावर विसंबणारा वाचक दुसऱ्याच्या डोळ्यांनी इतिहास वाचतो. पुढच्या वेळी पानावर 'अबी तालिब' दिसले आणि ओठांवर आपोआप षष्ठी आली, तर मूळ साधनाच्या दिशेने पहिले पाऊल पडले असे खुशाल समजावे.