एफ७० मध्ये दडलेले सात टक्के

पहिल्या नोकरीत माझ्याकडे बजेटची एक एक्सेल फाइल आली. एफ७० या सेलमधल्या लांबलचक फॉर्म्युल्यात मध्येच १.०७ लिहिलेलं. सात टक्के, पण कशाचे? पगारवाढीचे की महागाईचे? फाइल बनवणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

याचं मूळ १९७८ मध्ये सापडतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन शिकत होता. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की प्राध्यापकांना पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम कॉम्प्युटरने करावं, ही कल्पना त्याची. कोड लिहिला बॉब फ्रँकस्टनने. १९७९ मध्ये ॲपल टू वर व्हिझिकॅल्क आलं. 'समजा, विक्री घटली तर?' हे आता लगेच करून बघता येऊ लागलं. फायनान्समधलं 'व्हॉट-इफ' ते हेच. पण आकड्याला नाव नव्हतं, नुसता पत्ता होता: ए१, बी७.

१९९१ मध्ये लोटस कंपनीने नेक्स्ट कॉम्प्युटरवर इम्प्रूव्ह आणलं. त्यात फॉर्म्युले आकड्यांपासून वेगळे राहत आणि सरळ शब्दांत लिहिता येत: नफा = विक्री - खर्च. वर्ष, शहर, उत्पादन ही 'डायमेन्शन्स'. ती ओढून तक्ता हवा तसा फिरवायचा. मला विचाराल तर एक्सेलपेक्षा शहाणं. तरी ते काही वर्षांतच बंद पडलं. लोकांना कुठेही काहीही खरडता येणारा कोरा तक्ताच हवा होता. आजची महागडी प्लॅनिंग सॉफ्टवेअर्स तीच 'डायमेन्शन्स' पुन्हा विकतात.

मी ते १.०७ बाहेर काढून वेगळ्या सेलमध्ये ठेवलं. शेजारी लिहिलं, 'वाढ ७%, कारण माहीत नाही.' आणि फाइल साहेबांना पाठवली.