कन्नडच्या घाटवाटा

छत्रपती संभाजीनगराहून चाळीसगांवाकडे जाणारी एस. टी.ची गाडी कन्नड सोडून उत्तरेस निघाली, म्हणजे कांहीं वेळानें सपाट रानांतला रस्ता एकाएकीं कड्याच्या कांठाशीं येतो आणि खालीं दूरवर खानदेशचा मुलूख पसरलेला दिसतो. दख्खनच्या पठाराची ही उत्तर कड होय. हिलाच सातमाळ्याची रांग म्हणतात. पूर्वेकडे हीच पुढें अजिंठ्याचे डोंगर म्हणून ओळखली जाते. कन्नडच्या बाजूस पडलेलें पावसाचें पाणी शिवना नदीनें गोदावरीस मिळून पूर्वसमुद्रास जातें. कड्याखालीं उतरलेलें पाणी गिरणेच्या मार्गानें तापीस मिळून पश्चिमसमुद्रास जातें. एवढ्या मोठ्या देशाची वांटणी करणारी ही भिंत आहे. परंतु भिंत म्हटली कीं तींतून जाण्याची वाट मनुष्य शोधतोच, आणि कन्नडच्या परिसराचा इतिहास हा बहुतांशीं अशा वाटांचाच इतिहास आहे.

हल्लीं सुटीच्या दिवशीं पाठीस पिशवी लावलेलीं कांहीं माणसें कन्नडच्या स्थानकावर उतरतात. कोणी गौताळ्याच्या वनाकडे जातात, कोणी पितळखोऱ्याचीं लेणीं पाहावयास निघतात, कोणी नागापूर गांठून अंतूरचा किल्ला चढतात. कांहीं जण चाळीसगांवीं उतरून पाटणादेवीच्या खोऱ्यांतून वर येतात. हा शहरी लोकांचा एक नवा छंद आहे, असें पुष्कळांस वाटतें. छंद नवा असेल. वाट मात्र नवी नाहीं.

गोदावरीच्या तीरावरील प्रतिष्ठान, म्हणजे आजचें पैठण, ही सातवाहनांची राजधानी. तेथून उत्तरेस माहिष्मती व उज्जयिनी आणि वायव्येस भडोचचें बंदर. सुत्तनिपात या पाली ग्रंथांत बावरी नांवाच्या आचार्याच्या शिष्यांनीं केलेल्या प्रवासाचें वर्णन आहे. त्यांत प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी असा क्रम दिला आहे. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतांत भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तगर, म्हणजे आजचें तेर, आणखी दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगितलें आहे. या गांवांचा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखांतून बंदराकडे जात असे, असेंही तो लिहितो. पैठणहून माहिष्मतीकडे जावयाचें तर सातमाळा कोठें तरी ओलांडल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

या रहदारीची साक्ष पितळखोऱ्याच्या दगडावर कोरलेली आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास येथील बौद्ध लेणीं खोदण्यास आरंभ झाला. गांवापासून दूर, एका अरुंद खोऱ्याच्या उभ्या कड्यांत हीं लेणीं आहेत. इतक्या एकांत जागीं विहार कोणाच्या आश्रयावर चालला, हा प्रश्न पाहणारास सहज पडतो. त्याचें उत्तर खांबांवरील लेखांत मिळतें. एक दाता पैठणचा असून गंधिकांच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारांच्या, कुळांतला आहे. दुसरा राजवैद्य मगिल व त्याचीं मुलें. येथें सांपडलेल्या एका यक्षमूर्तीवर ती कण्हदास नांवाच्या सोनारानें घडविल्याचें कोरलें आहे. ती मूर्ति दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ठेविलेली आहे. व्यापारी, वैद्य, सोनार हीं सर्व पेठेंतलीं माणसें. त्यांचा पैसा व त्यांचें कसब येथें येऊन पोंचलें, तें वाटेमुळेंच. विसाव्या शतकाच्या मध्यास पुरातत्त्वखात्यानें येथील ढिगारे उपसले, तेव्हां हत्तींची रांग असलेलें जोतें व दारावरचे द्वारपाळ पुन्हा उजेडांत आले. म. न. देशपांडे यांनीं १९५९ सालीं त्यांची सविस्तर हकीकत प्रसिद्ध केली.

पितळखोऱ्याच्या खालच्या अंगास, कड्याच्या पायथ्याशीं पाटण आहे. येथील पाटणादेवीच्या दर्शनास खानदेशांतून आजही मोठी यात्रा लोटते. यादवांच्या काळीं येथें निकुंभ घराण्यांतील मांडलिकांचें राज्य होतें. सिद्धान्तशिरोमणीचा कर्ता भास्कराचार्य याचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याच्या दरबारीं ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें पाटण येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ राजा सोइदेव यानें शके ११२८ मध्यें त्या मठास देणगी दिली. हा मजकूर असलेला शिलालेख एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे. पाटणच्या पेठेंत जो माल उघडेल त्याच्या ग्राहकांकडून राजास मिळणारें उत्पन्न मठास लावून दिल्याचें त्यांत सांगितलें आहे. म्हणजे त्या काळची गणिताची ही पाठशाळा पेठेंत येणाऱ्या मालाच्या करावर चालत होती. बैलांच्या तांड्यांनीं या घाटवाटा सोडल्या असत्या, तर विद्यार्थ्यांचा चरितार्थही तुटला असता. पुढें झालेंही तसेंच. पेठ ओसरली, मठ नाहींसा झाला, आणि दगडावरचीं अक्षरें तेवढीं उरलीं.

वाटेची काळजी राज्यकर्त्यांनींही वाहिली. कन्नड तालुक्यांतील अंतूरचा किल्ला हा खानदेशांतून वर येणाऱ्या रहदारीवर नजर ठेवणारा किल्ला होय. निजामशाहीच्या अमदानींत त्याचें महत्त्व वाढलें. त्या काळीं किल्ल्याच्या दक्षिणेस वाटेवर एक चौकोनी दगडी खांब उभारण्यांत आला होता. त्याच्या बाजूंवर फारसी अक्षरांत अंतूर, नागापूर, चाळीसगांव, दौलताबाद अशा ठिकाणांच्या दिशा कोरलेल्या होत्या. किल्ला, तोफ, तट यांचें वर्णन बखरींत पुष्कळ आढळतें. परंतु अनोळखी वाटसरूस चार बोटांनीं चार दिशा दाखविणारा हा खांब फारसा कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. वास्तविक त्या मुलखांत किती प्रकारचे लोक ये-जा करीत होते, हें त्या एका दगडावरून जितकें कळतें तितकें तटबंदीवरून कळत नाहीं.

या वाटांचे खरे जाणकार मात्र भिल्ल व बंजारा हे लोक. धान्य व मीठ लादलेले बंजाऱ्यांचे तांडे घाट चढत-उतरत. भिल्ल त्या रानाचे राखणदार. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हां भिल्लांनीं त्यांस कित्येक वर्षें स्वस्थता लाभूं दिली नाहीं. शेवटीं १८२५ सालीं मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दींत निराळें धोरण ठरलें. जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्यानें भिल्लांचीच पलटण उभारली. आणि भिल्लांस शेतीवर बसविण्यासाठीं जीं तीन ठाणीं नेमलीं, त्यांतील एक कन्नड येथें होतें. कन्नडच्या घाटास औट्रम घाट म्हणतात, तें याच औट्रमवरून. पलटणीच्या अधिकाऱ्याचें नांव घाटास राहिलें. ज्यांनीं त्यास वाटा दाखविल्या त्यांचें नांव कोणत्याही वळणास नाहीं.

यानंतर वाटांचे दिवस फिरले. १८६० च्या दशकाच्या आरंभीं चाळीसगांवावरून भुसावळकडे आगगाडी गेली आणि बैलांच्या तांड्यांचा धंदा बसला. पुढें मोटारी आल्या. कन्नड निजामाच्या राज्यांत आणि चाळीसगांव इंग्रजी मुलखांत, अशी या घाटाची स्थिति होती. निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं आपली मोटार वाहतूक सुरू केली. मुंबई सरकारची एस. टी. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर धांवूं लागली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, आणि १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. पूर्वीं दोन राज्यांच्या सीमेवर असलेला घाट आतां एका राज्याच्या पोटांत आला. एका तिकिटावर घाट उतरतां येऊं लागला, तेव्हां पायीं उतरण्याचें कारण राहिलें नाहीं. ज्या पायवाटांस गरज उरली नाहीं, त्यांवर झुडपें वाढलीं.

मोटारीचा रस्ता तरी अक्षय्य आहे काय? ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं अतिवृष्टीनें कन्नड घाटांत दरडी कोसळल्या आणि वाहतूक बंद पडली. २०२३ सालीं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें जड वाहनांस या घाटांत मनाई केली. घाटाखालून बोगदा काढण्याची योजनाही पुढें आलेली आहे. बोगदा झाल्यास उतारूस कड्याचें दर्शनही घडणार नाहीं. मग मोटारीचा घाटही एक जुनी वाट होऊन बसेल.

अशा वेळीं एस. टी.नें येऊन पायीं हिंडणाऱ्या मनुष्याचें महत्त्व ध्यानांत येतें. ज्या गाडीनें पायवाटा ओस पाडल्या, तीच आज त्यांवर पुन्हा माणसें आणून सोडीत आहे. १९८६ सालीं या रानास गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें. त्याचें क्षेत्र सुमारें २६० चौरस किलोमीटर आहे. बिबट्या येथें राहतोच. परंतु २०२१ च्या मार्चांत यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरच्या रानांतून निघालेला एक वाघ येथें पोंचल्याचें आढळलें. गौताळ्यानें कित्येक दशकांत वाघ पाहिला नव्हता. त्यानें कोणत्या ओढ्याचा, कोणत्या खिंडीचा आधार घेतला असेल तो असो. माणसांनीं सोडलेल्या वाटा रानानें सोडलेल्या नाहींत, एवढें त्यावरून दिसतें.

म्हणून येथें येणारानें कांहीं जुने नियम पाळणें अवश्य आहे. वनखात्याची परवानगी घेऊनच रानांत शिरावें. वाट ठाऊक असलेला स्थानिक मनुष्य बरोबर घ्यावा व त्याचा मोबदला मोकळ्या हातानें द्यावा. कारण वाटेचें ज्ञान त्याच्या घरीं पिढ्यान् पिढ्या राखलेलें आहे, आणि त्याच्या मुलास त्यांत पोट भरण्याजोगें कांहीं दिसलें नाहीं, तर तें एका पिढींत नाहींसें होईल. लेण्यांतील खांबांवर नांवें खरडूं नयेत. तेथें कोरण्याचा अधिकार ज्यांनीं दान दिलें त्यांचा होता. पावसाळ्यांत ओढे एकाएकीं भरतात, तेव्हां पलीकडे जाण्याचा हट्ट धरूं नये.

आणि गांवीं उतरतांच परतीची शेवटची गाडी कितीला सुटते, हें वाहकास विचारून घ्यावें. पूर्वीचा वाटसरू खिंडीच्या तोंडाशीं उभा राहून सूर्य किती वर आहे हें पाही आणि मगच पाऊल पुढें टाकी. साधन बदललें, हिशेब तोच आहे. दिवस असतां घाट ओलांडावा आणि अंधार पडण्यापूर्वीं माणसांत यावें, ही या वाटांची शिकवण दोन हजार वर्षांत बदललेली नाहीं.