न बांधलेल्या युद्धनौका : जपानी पर्यायी इतिहासातील आराखडा

दुसऱ्या महायुद्धाचा शेवट बदलू पाहणाऱ्या काल्पनिक युद्धकथांचे जपानमध्ये १९९० च्या दशकात अमाप पीक आले. अरामाकी योशिओ यांच्या मालिकांत १९४३ मध्ये मारला गेलेला अॅडमिरल यामामोतो दुसऱ्या जगात पुन्हा जन्मतो आणि युद्ध नव्याने लढतो. त्या जगात ‘यामातो ताकेरु’ नावाची एक महानौकाही आहे. योकोयामा नोबुयोशी यांच्या मालिकेत जपानचा ‘आठ-आठ ताफा’ प्रत्यक्षात उतरतो. या लेखनाला समीक्षेने फारसे मनावर घेतले नाही. मात्र त्यातील नौकांची रेखाटने, तोफांचे व्यास, कवचाची जाडी आणि वेगाचे आकडे ज्या निष्ठेने सिद्ध केलेले असतात, ती निष्ठा पात्रांच्या वाट्याला क्वचितच येते. या संहितांत नौका ही पार्श्वभूमी नसून नायक आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

या कल्पनेचे मूळ एका खऱ्या आराखड्यात आहे. आठ युद्धनौका आणि आठ लढाऊ क्रूझर यांचा ताफा उभारण्याची योजना १९२० मध्ये मंजूर झाली. तिच्या शेवटच्या चार नौकांवर ४६ सेंटिमीटर व्यासाच्या आठ-आठ तोफा बसवायच्या होत्या. या ताफ्याचा खर्च देशाला झेपणारा नव्हता. ६ फेब्रुवारी १९२२ च्या वॉशिंग्टन करारात जपानने अमेरिका व ब्रिटन यांच्या पाचास तीन हे प्रमाण स्वीकारले आणि योजना संपली. ‘तोसा’चे जलावतरण झाले होते, तिच्यावर तोफांच्या चाचण्या घेऊन १९२५ मध्ये ती बुडवण्यात आली. ‘आमागी’चे विमानवाहू नौकेत रूपांतर चालू असता १९२३ च्या भूकंपात तिचा सांगाडा निकामी झाला व तिच्या जागी ‘कागा’ची निवड झाली. युद्धनौका म्हणून कधीच पूर्ण न झालेली ही ‘कागा’ आणि तिची सोबतीण ‘आकागी’ याच पुढे १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर विमाने घेऊन गेल्या, आणि १९४२ मध्ये मिडवेला बुडाल्या. कादंबरीकार त्यांना पुन्हा तोफा बहाल करतो तेव्हा खऱ्या इतिहासातील त्यांचे सर्वांत परिणामकारक रूपच पुसून टाकतो. हा विरोधाभास या लेखकांच्या लक्षात येत नसेल असे नाही. पण तोफेचे आकर्षण त्याहून मोठे ठरते.

जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे वळण एका गोळीवर अवलंबून आहे. ती विश्वासरावांना न लागता निघून जाते. तेथे बदलाचा कर्ता योगायोग आहे. जपानी युद्धकथेत योगायोगाची जागा आराखडा घेतो. त्यामुळे पराभवाचे स्वरूपच पालटते. तो आता धोरणाचा, चीनवरील आक्रमणाचा किंवा साम्राज्याच्या हव्यासाचा परिणाम उरत नाही. तो बांधणीतली चूक ठरतो, आणि चूक दुरुस्त करता येते. आकड्यांचा काटेकोरपणा येथे वास्तवाभास निर्माण करतो तो याच कामासाठी. कवच वाढवले तर वजन वाढते, वजन वाढले तर वेग घटतो, या बंधनांचे पालन करणारा लेखक वाचकाला प्रामाणिक वाटतो आणि त्या प्रामाणिकपणाच्या आडून मुख्य प्रश्न निसटतो.

अर्थात कल्पित लेखनाची सुरुवात कादंबरीकारांनी केलेली नाही. ती नौदलानेच केली होती. ‘यामातो’च्या तोफा ४६ सेंटिमीटरच्या असताना त्यांचे अधिकृत नाव ४० सेंटिमीटरच्या तोफा असे ठेवले होते. नागासाकीच्या गोदीत ‘मुसाशी’ बांधली जात असता ती दोरखंडांच्या पडद्यांआड लपवली गेली. योशिमुरा आकिरा यांच्या १९६६ च्या ‘सेन्कान मुसाशी’ची सुरुवात बाजारातून ताडवर्गीय झाडाचे तंतू एकाएकी नाहीसे होण्यापासून होते, ती यामुळेच. सामान्य जपानी माणसाला युद्धकाळात या दोन नौकांची नावेही माहीत नव्हती. शरणागतीच्या वेळी कागदपत्रे जाळण्यात आली. ‘यामातो’नंतरच्या, ५१ सेंटिमीटरच्या तोफांच्या नियोजित नौकेचे बहुतेक आराखडे असेच नष्ट झाले. आज तिची जी चित्रे सर्वत्र दिसतात ती बव्हंशी अनुमाने आहेत. इतिहासाच्या साधनांत पडलेल्या या पोकळीतच कल्पित नौका तरंगते.

रेखाटनात न मावणाऱ्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत. तेल ही त्यांतली पहिली. इंधनाच्या टंचाईमुळे ‘यामातो’ त्रुक येथे इतकी नांगरून राहिली, की खलाशी तिला ‘यामातो हॉटेल’ म्हणू लागले. ७ एप्रिल १९४५ रोजी विमानहल्ल्यांत ती सुमारे तीन हजार माणसांसह बुडाली. वाचलेल्यांपैकी योशिदा मित्सुरु यांनी लिहिलेला वृत्तान्त अमेरिकी ताब्याच्या काळात अभ्यवेक्षणात अडकला आणि १९५२ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. तोफेचा व्यास त्यांच्या लेखनाचा विषय नाही. मरायचे कशासाठी, यावर नौकेवरचे तरुण अधिकारी वाद घालतात, तो आहे.

मिता नोरिफुसा यांच्या चित्रकथेवरून यामाझाकी ताकाशी यांनी २०१९ मध्ये केलेला ‘आर्किमिडीजचे महायुद्ध’ हा चित्रपट या परंपरेला आतूनच प्रश्न विचारतो. त्यातला गणितज्ञ नौकेच्या खर्चाचा खोटेपणा सिद्ध करतो. पण आराखडाकार त्याला उत्तर देतो, की हरणे ठाऊक नसलेल्या राष्ट्राच्या वतीने बुडेल अशी एक भव्य नौका हवी आहे. हा युक्तिवाद जितका थरारक तितकाच घातक आहे, कारण त्यात बुडणारी माणसे नौकेच्या वजनातही धरलेली नाहीत. दिग्दर्शकाला ते माहीत असावे. चित्रपटाची सुरुवातच ‘यामातो’च्या शेवटाने होते : पाण्यात पडलेल्या एका अमेरिकी वैमानिकाला सोडवण्यासाठी त्याचे सहकारी विमान घेऊन उतरतात आणि त्याला उचलून नेतात; नौकेवरचा एक जपानी सैनिक ते दृश्य अवाक् होऊन पाहत राहतो.